आवाज कुठं अडलाय?

घरी जोडलेलं फझ पेडल, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारी डबी, पहिल्यांदा अँपला लावलं, स्विच दाबला आणि काहीच वाजलं नाही, की हात आपसूक सोल्डरिंग आयर्नकडे जातो. एकेक जोड पुन्हा तापवायचा, मग संशय आला म्हणून ट्रान्झिस्टर बदलायचा, मग कपॅसिटर. तासाभरात बोर्डावरचे तांब्याचे गोल उखडायला लागतात, आणि जिथं एक दोष होता तिथं तीन होतात. माझं मत ठाम आहे: बिघडलेल्या पेडलवर पहिला अर्धा तास आयर्न तापवूच नये. तेवढ्या वेळात मीटरने चार-सहा जागची व्होल्टेज मोजून कागदावर लिहिली, तर दोष कोणत्या पार्टच्या कोणत्या पायाशी आहे ते बहुतेक वेळा त्या कागदावरच दिसतं. घाईने फिरवलेलं आयर्न नेमका हा पुरावा पुसून टाकतं. पेडल योगायोगाने वाजायला लागलं तरी ते का बंद होतं हे कळत नाही, आणि न कळलेला दोष पुन्हा येतो.

बोलायला एक सर्किट हवं म्हणून फझ फेस घेतो. लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ साली बाजारात आणलेलं, गोल डब्यातलं, जिमी हेंड्रिक्समुळे जगभर पोचलेलं हे पेडल. मूळ सर्किटात एकूण अकरा पार्ट: दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट (म्हणजे फिरवायच्या बटणाखालचे, माप बदलता येणारे तीन पायांचे रेझिस्टर). सुरुवातीला त्यात जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते, नंतर सिलिकॉनचे आले. आपल्याकडे चांगले जर्मेनियम मिळवणं जिकिरीचं. त्यामुळे पुण्यात बुधवार पेठेतून किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणणारा माणूस सहसा बीसी ५४७ घेतो आणि सिलिकॉनचंच पेडल बनवतो. पुढची सगळी मापं सिलिकॉनचे एनपीएन, म्हणजे कलेक्टर पॉझिटिव्हकडे असणाऱ्या जातीचे, ट्रान्झिस्टर आणि ९ व्होल्ट धरून आहेत.

सर्किट शब्दांत सांगायचं तर असं. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात: बेस, कलेक्टर, एमिटर. गिटारचा सिग्नल २.२ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर येतो. या ट्रान्झिस्टरचा एमिटर थेट ग्राउंडला, कलेक्टर ३३ किलोओहममधून ९ व्होल्टला. त्याच कलेक्टरला दुसऱ्याचा बेस सरळ जोडलेला, मध्ये कपॅसिटर नाही. दुसऱ्याचा एमिटर १ किलोओहमच्या फझ पॉटमधून ग्राउंडला जातो आणि पॉटच्या मधल्या पायावरून २२ मायक्रोफॅरड ग्राउंडला. याच एमिटरवरून १०० किलोओहमचा रेझिस्टर मागे वळून पहिल्याच्या बेसला येतो. दुसऱ्याच्या कलेक्टरवर ८.२ किलोओहम, त्याच्या पुढे ३३० ओहम, मग ९ व्होल्ट. या दोन रेझिस्टरांच्या सांध्यावरून ०.०१ मायक्रोफॅरडमधून आवाज ५०० किलोओहमच्या व्हॉल्यूम पॉटला जातो. दोन्ही ट्रान्झिस्टर एकमेकांत असे गुंतलेत की एकाच्या पायाशी चूक झाली तर सगळीकडची व्होल्टेज हलतात. बनवताना याचा त्रास होतो, पण दोष शोधताना याच्याइतकी मोठी मदत दुसरी नाही.

पण बोर्डाकडे वळण्याआधी एक प्रश्न: बायपासमध्ये, म्हणजे पेडल बंद ठेवून, गिटार ऐकू येतं का? स्विच बंद असताना सिग्नल बोर्डाला शिवतसुद्धा नाही. इनपुट जॅक, स्विच, आउटपुट जॅक एवढाच त्याचा रस्ता. तेव्हाही आवाज नसेल तर दोष बोर्डावर नाही, ट्रान्झिस्टरवर तर नाहीच नाही. आधी केबल बदलून बघा, मग मीटर कंटिन्युइटीवर (वाट सलग असली की बीप देणाऱ्या खुणेवर) ठेवून दोन्ही जॅकच्या टिपांमध्ये, म्हणजे प्लगच्या टोकाला टेकणाऱ्या पट्ट्यांमध्ये, बीप येतो का ते बघा. स्विच दाबल्यावर तो बीप जायला हवा, आणि इनपुटची टिप बोर्डाच्या इनपुटशी, बोर्डाचं आउटपुट दुसऱ्या जॅकच्या टिपेशी बोलायला हवं.

पायाने दाबायच्या नऊ पायांच्या थ्रीपीडीटी स्विचमध्ये दोन चुका फार होतात. पहिली म्हणजे स्विच नव्वद अंशांत फिरवून बसवणं. पाय तीन बाय तीन असल्यामुळे तो कसाही बसवला तरी बरोबरच दिसतो, पण मग जे तीन पाय मधले समजून वायरिंग केलं ते मधले नसतातच. पायांच्या चपट्या बाजूची दिशा आकृतीशी ताडून बघा, किंवा मीटरने कोणता पाय कोणाशी जोडला जातो ते वायरिंगच्या आधीच तपासा. दुसरी चूक उष्णतेची. पायावर आयर्न तीन-चार सेकंदांहून जास्त टेकलं की आतलं प्लॅस्टिक मऊ पडतं, संपर्काची पट्टी तिरकी होते, आणि स्विच कधी लागतो कधी नाही. असा स्विच दुरुस्त होत नाही. बदलायचा.

एलईडी पेटला म्हणजे बोर्डाला करंट पोचतोय, असं मानू नका. एलईडीची वाट वेगळी असते. तो झगझगीत पेटलेला असताना बोर्डाची लाल वायर तुटलेली असू शकते.

आता पॉवर. मीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर, काळं टोक जॅकच्या ग्राउंडला, लाल टोक थेट बोर्डावर जिथं ९ व्होल्ट यायला हवेत तिथं. बॅटरीवर किंवा डीसी जॅकवर मोजून उपयोग नाही. बोर्डापर्यंत किती पोचतंय ते बघायचंय. नव्या अल्कलाईन बॅटरीवर साडेनऊच्या आसपास दिसेल. इथं साधारण ०.७ व्होल्ट दिसलं तर डोळे लगेच संरक्षक डायोडकडे जायला हवेत. वन एन ४००१ सारखा डायोड पॉवर आणि ग्राउंडच्या मध्ये उलटा लावलेला असतो, म्हणजे कोणी चुकून उलटा अडॅप्टर जोडला तर तो सगळा करंट स्वतःवर घेतो. अधिक ०.७ दिसलं तर डायोड उलटा बसलाय, उणे ०.७ दिसलं तर अडॅप्टरची पोलॅरिटी उलटी आहे. दोन्ही वेळा डायोड चटका बसेल इतका तापतो, तेव्हा पॉवर ताबडतोब काढा. गिटार पेडलांचे अडॅप्टर मधली पिन निगेटिव्ह असलेले असतात, आणि घरात पडलेले राउटरचे किंवा खेळण्यांचे अडॅप्टर सहसा नेमके उलटे. अडॅप्टरवरची गोलाची खूण वाचल्याशिवाय पिन आत घालू नये.

याच नियमातून आणखी एक दोष येतो. मधली पिन निगेटिव्ह म्हणजे बाहेरची बाजू पॉझिटिव्ह. धातूचा डीसी जॅक धातूच्या डब्यात बसवला तर बाहेरची बाजू डब्याला टेकते, डबा ग्राउंड असतो, आणि ९ व्होल्ट सरळ ग्राउंडला जातात. म्हणून डीसी जॅक प्लॅस्टिकचाच घ्यायचा.

बॅटरीवर चालणाऱ्या पेडलात इनपुट जॅक स्टिरिओ असतो, तो आवाज स्टिरिओ व्हावा म्हणून नाही. बॅटरीची काळी वायर त्याच्या रिंगच्या, म्हणजे टिप आणि ग्राउंड यांच्या मधल्या, पायाला लावतात. साध्या मोनो प्लगचं धातूचं अंग रिंग आणि ग्राउंड एकत्र आणतं आणि पेडल सुरू होतं. त्यामुळे तपासताना इनपुटला प्लग घातलेला नसेल तर सगळीकडे वेडीवाकडी व्होल्टेज दिसणार, आणि त्यात पेडलचा काही दोष नसणार.

करंट मोजायची एक सोपी रीत सांगतो, कारण ती फार कमी लोक वापरतात. बॅटरीचं एकच टोक क्लिपमध्ये अडकवा, दुसरं बाहेर वळवून मोकळं ठेवा. मीटर २०० मिलिअँपवर घेऊन बॅटरीचं मोकळं टोक आणि क्लिपचं मोकळं टोक यांच्यामध्ये लावा. सिलिकॉनचं फझ फेस जेमतेम १ मिलिअँप घेतं. एलईडीला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर असेल तर त्याचे दीड मिलिअँप वेगळे. म्हणजे दिवाच सर्किटापेक्षा जास्त खातो. शून्य दिसलं तर वाट कुठंतरी तुटलीय. पन्नास-शंभर दिसले तर कुठंतरी शॉर्ट आहे, आणि तो सापडेपर्यंत पुढं काहीही मोजण्यात अर्थ नाही.

पॉवर ठीक असेल तर खरी मौज सुरू होते. सहा व्होल्टेज मोजायची: दोन्ही ट्रान्झिस्टरांचे कलेक्टर, बेस, एमिटर. दुसऱ्याचा बेस म्हणजे पहिल्याचा कलेक्टरच, पण दोन्ही पायांवर वेगवेगळं मोजा, कारण मधली वायर तुटलेली असेल तर तिथंच कळतं. निरोगी सर्किटात पहिल्याचा एमिटर ०, बेस ०.६ च्या आसपास, कलेक्टर १.३ ते १.४. दुसऱ्याचा एमिटर ०.७ च्या आसपास. दुसऱ्याच्या कलेक्टरवर किती, इथं मात्र नवशिका गोंधळतो, कारण सगळे सांगतात की ४.५ हवेत आणि मीटर ३ दाखवतो. त्याला दोष समजू नका. ८.२ किलोओहम हे माप जर्मेनियमच्या काळातलं. सिलिकॉनमध्ये दुसऱ्याच्या एमिटरवर ०.७ व्होल्ट म्हणजे १ किलोओहममधून ०.७ मिलिअँप, आणि तेवढा करंट साडेआठ किलोओहममधून गेला की ६ व्होल्ट तिथंच पडतात. उरतात तीन. ४.५ हवे असतील तर ८.२ च्या जागी सुमारे ६ किलोओहम लागतील; १० किलोओहमचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट) लावून मीटर बघत फिरवणं सर्वांत चांगलं.

मीटरबद्दलही इथंच सांगायला हवं. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पिवळ्या डीटी ८३० मीटरचा इनपुट रेझिस्टन्स १ मेगओहम असतो. पहिल्याच्या बेसला मुळात एखाद-दोन मायक्रोअँपच मिळतात, त्यातला बराचसा वाटा हा मीटर ओढून घेतो, आणि बेसवर टोक टेकवल्याबरोबर दुसऱ्याचा कलेक्टर अर्ध्या व्होल्टने हलू शकतो. म्हणून कलेक्टर आधी मोजा, बेस शेवटी.

आता चुकीची व्होल्टेज काय सांगतात ते बघू, कारण या पेडलची खरी ओळख इथं होते. समजा दुसऱ्याच्या कलेक्टरवर पूर्ण ९ व्होल्ट आहेत, म्हणजे दुसऱ्या ट्रान्झिस्टरमधून करंट वाहतच नाही. कारणं दोन तऱ्हेची असू शकतात, आणि ती वेगळी करायला एमिटर पुरेसा आहे. एमिटरवरही ० असेल तर बेसलाच काही मिळत नाहीये: एकतर ३३ किलोओहमचा पाय सुटलाय, नाहीतर पहिल्याचा कलेक्टर सोल्डरच्या थेंबाने ग्राउंडला टेकलाय. पॉवर काढून कलेक्टर ते ग्राउंड ओहम मोजा. जवळजवळ शून्य आलं तर थेंब, नाहीतर ३३ किलोओहमचा सुटलेला पाय. पण कलेक्टरवर ९ आणि एमिटरवर मात्र ०.७, म्हणजे अगदी बरोबर दिसणारा आकडा, असं असेल तर फझ पॉटची ग्राउंडकडची वाट तुटलीय. ग्राउंडची वाट नसली तरी १०० किलोओहममधून पहिल्याच्या बेसला जाणारा इवलासा करंट दुसऱ्याला चालू ठेवतो आणि एमिटरचं व्होल्टेज जागेवर राखतो. आकडा बरोबर, करंट जवळजवळ शून्य. पॉटच्या पायाला लावलेली वायर वरवर चिकटलेली दिसते, ओढून बघितली की हातात येते.

उलट बाजूने, दुसऱ्याच्या कलेक्टर आणि एमिटर दोन्हींवर सव्वा व्होल्टच्या आसपास सारखेच आकडे आले तर दुसरा ट्रान्झिस्टर पूर्ण दाबला गेलाय, कारण पहिला त्याला आवरत नाहीये. मग पहिल्याच्या बेसवर जा. तिथं ० असेल तर १०० किलोओहमचा एखादा पाय सुटलाय किंवा बेस ग्राउंडला टेकलाय. तिथं १ व्होल्ट किंवा त्याहून जास्त असेल, तर उत्तर आणखी नेमकं मिळतं. जिवंत सिलिकॉन ट्रान्झिस्टरचा एमिटर ग्राउंडला असताना त्याचा बेस ०.७ च्या फार वर जाऊच शकत नाही. गेला, म्हणजे एमिटर ग्राउंडला पोचलेलाच नाही, किंवा आतला बेस-एमिटरचा जोड जळालाय. सहा आकड्यांतून एका पायापर्यंत येता येतं, आणि मला या सगळ्या उद्योगात याच्याइतकं सुंदर काही वाटत नाही.

ट्रान्झिस्टर उलटा बसवणं ही चूक इतकी नेहमीची आहे की तिला वेगळी जागा द्यायलाच हवी. बीसी ५४७ ची चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. टू एन ३९०४ चे नेमके उलटे: एमिटर, बेस, कलेक्टर. एकाच्या आकृतीवर दुसरा बसवायचा तर फिरवून बसवा. बीसी १८३ च्या नावापुढं एल आला तर कलेक्टर मधे येतो. कलेक्टर-एमिटर उलटे झाले तरी ट्रान्झिस्टर लगेच मरत नाही. थोडंफार वाढवतो, आणि पेडल मिणमिणतं वाजतं. म्हणूनच ही चूक लपते. शंका असेल तर मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा: लाल टोक बेसवर आणि काळं आळीपाळीने उरलेल्या दोन पायांवर ठेवलं की दोन्हीकडे ०.६ ते ०.७ येतं. त्यात जिथं किंचित जास्त येतं तो एमिटर. जर्मेनियम म्हणून विकत घेतलेला ट्रान्झिस्टर इथं ०.६ दाखवत असेल तर तो जर्मेनियम नाही, जर्मेनियम ०.१५ ते ०.३ च्या दरम्यान दाखवतो.

रेझिस्टरचे रंग हा दुसरा लपंडाव. ३३० ओहम म्हणजे नारिंगी, नारिंगी, तपकिरी. ३३ किलोओहम म्हणजे तिन्ही नारिंगी. निळ्या अंगाच्या एक टक्केवाल्या रेझिस्टरवर पाच पट्टे असतात आणि ट्यूबलाईटखाली तांबडा, नारिंगी आणि तपकिरी एकसारखे दिसतात. बसवण्याआधी प्रत्येक रेझिस्टर मीटरवर मोजण्याची सवय लावलेली बरी. बसवल्यावर मोजायचा तर पॉवर काढून, आणि एक गोष्ट ध्यानात ठेवून: आजूबाजूच्या वाटांमुळे माप खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतं, जास्त येत नाही. कमी आलं तर लगेच निष्कर्ष काढू नका. छापील मापापेक्षा बरंच जास्त आलं तर तो रेझिस्टर चुकीचा आहे किंवा तुटलेला.

त्या ३३० ओहमवर जरा थांबतो. दुसऱ्याच्या कलेक्टरवर कित्येक व्होल्टचा आवाज असतो. तो तसाच अँपला दिला तर कान बसतील. म्हणून आवाज ८.२ किलोओहम आणि ३३० ओहम यांच्या सांध्यावरून घेतात, म्हणजे जेमतेम पंचविसावा हिस्सा बाहेर येतो. तिथं चुकून ३३ ओहम बसला तर व्होल्टेज सगळी बरोबर येतील, आणि पेडल कुजबुजेल. ३.३ किलोओहम बसला तर ओरडेल. व्होल्टेज बिनचूक पण आवाज फारच बारीक, असं दिसलं की मी आधी या एका रेझिस्टरकडे बघतो. खरं तर सिलिकॉनमध्ये ३३० ने आवाज थोडा कमीच पडतो, आणि कित्येक जण मुद्दाम तिथं १ किलोओहम लावतात. मलाही ते पटतं.

व्होल्टेज ठीक, तरी आवाज नाही, अशा वेळी ऑडिओ प्रोब लागतो. तो बनवायला दहा मिनिटं पुरतात. एक जुनी गिटार केबल घ्या, एक टोक कापा. आतल्या तारेला १०४ छापलेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा, त्याचा दुसरा पाय म्हणजे तुमचं टोक. बाहेरच्या जाळीला मगरक्लिप लावून ती पेडलच्या ग्राउंडला अडकवा. प्लग अँपमध्ये, अँपचा व्हॉल्यूम अगदी कमी. कपॅसिटर डीसी अडवतो, फक्त आवाज पुढं जाऊ देतो. फोनमधून एका सुराचा सलग टोन बारीक आवाजात पेडलच्या इनपुटला द्या आणि सोसायटीत पाणी कोणत्या मजल्यापर्यंत आलंय हे नळ सोडून बघावं तसं एकेका जागी टोक टेकवत जा. इनपुट जॅकची टिप, स्विचचा पाय, २.२ मायक्रोफॅरडच्या दोन्ही बाजू, पहिल्याचा कलेक्टर, दुसऱ्याचा कलेक्टर, ३३० चा सांधा, ०.०१ च्या दोन्ही बाजू, व्हॉल्यूम पॉटचा मधला पाय, आउटपुट जॅक. जिथं आवाज होता आणि पुढच्या जागी गेला, दोष त्या दोघांच्या मध्ये. फोनऐवजी गिटार लावलं असेल तर पहिल्याच्या बेसवर आवाज बराच बारीक येईल. या सर्किटाचा इनपुट रेझिस्टन्स फार कमी आहे, तो गिटारच्या पिकअपला (तारांखालच्या चुंबकी कॉइलला) खाली ओढतो. तिथं घाबरू नका, पुढच्या कलेक्टरवर तो दणदणीत परत येतो. हा प्रोब फक्त ९ व्होल्टच्या पेडलांसाठी. व्हॉल्व्ह अँपच्या आत शेकडो व्होल्ट असतात, तिथं हे टोक चुकूनही नेऊ नये.

पेडल वाजतं पण नीट वाजत नाही, ही दुसरी जात. खर्जातला भरणा गायब आणि आवाज चिरका असेल तर इनपुटला २.२ मायक्रोफॅरडऐवजी काही नॅनोफॅरडचा बसलाय का बघा. सूर संपता संपता एकदम तुटत असेल, कापल्यासारखा, तर दुसऱ्याच्या कलेक्टरचं व्होल्टेज एका टोकाला गेलंय.

खरखर कुठं येते यावरून खूप काही कळतं. व्हॉल्यूम पॉट फिरवताना खरखर येत असेल तर त्या पॉटवर डीसी मोजा, शून्य हवं. काही व्होल्ट दिसले तर ०.०१ चा कपॅसिटर गळतोय किंवा त्याच्या खालून सोल्डर ओघळलंय. पेडल चालू असतानाच गिटारचा स्वतःचा व्हॉल्यूम खरखरत असेल तर इनपुटचा २.२ उलटा बसला असण्याची दाट शक्यता: एनपीएनमध्ये त्याचा प्लस बेसकडे हवा, कारण गिटारकडे ० आणि बेसकडे ०.६. फझ पॉटची थोडी खरखर मात्र या सर्किटात जन्मजात आहे. पॉटवर डीसी असतंच आणि मधला पाय हलला की २२ मायक्रोफॅरड नव्या व्होल्टेजला भरतो. त्यासाठी पॉट बदलत बसू नका.

घूंऽ असा हम येत असेल तर अडॅप्टर काढून बॅटरी लावा. हम गेला तर पेडल निर्दोष. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेतून नीट न गाळलेल्या अडॅप्टरचा हम १०० हर्ट्झचा येतो, म्हणजे जवळजवळ सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी. तो सूर वाजवून मिळवून बघितला की हम कुठून येतोय हे कानाने ओळखता येतं. पॉवरच्या वाटेत १०० ओहम आणि ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड लावल्याने बराच फरक पडतो. शीळ घातल्यासारखा आवाज आला तर इनपुट आणि आउटपुटच्या वायरी एकमेकींपासून लांब न्या आणि आखूड करा. आकाशवाणीच्या मीडियम वेव्ह केंद्राच्या जवळ राहणाऱ्यांच्या पेडलमधून बातम्याही ऐकू येतात, ते पहिला ट्रान्झिस्टर रेडिओचं काम करायला लागल्यामुळे. त्याच्या बेस आणि कलेक्टरच्या मध्ये १०० पिकोफॅरड लावा. बीसी ५४७ सी चा एचएफई, म्हणजे तो करंट किती पट वाढवतो तो आकडा, ४२० ते ८०० असतो. एवढा लोभ ठेवला तर खरखराट, शीळ आणि रेडिओ सगळेच पाहुणे येतात. पहिल्या जागी ए गटातला, ११० ते २२० चा, मला जास्त सभ्य वाटतो.

आधी बफर (गिटारचा सिग्नल पुढच्या सर्किटापासून वेगळा राखणारं सर्किट) असलेलं दुसरं पेडल लावलं की फझ फेस कर्कश होतं आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी करून ते स्वच्छ होत नाही. हा बिघाड नाही, स्वभाव आहे. फझ सगळ्यांत आधी लावा.

जर्मेनियमचं पेडल हाती आलं तर हवामानाकडे बघा. जर्मेनियम ट्रान्झिस्टरमधून नको असताना झिरपणारा गळतीचा करंट साधारण दर १० अंशांना दुप्पट होतो. डिसेंबरात पुण्यात सकाळी जमवलेला बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरांच्या पायांवरची व्होल्टेज, मे महिन्यात नागपूरला टिकणार नाही, आणि त्यात ट्रान्झिस्टरची चूक नाही. अशा पेडलात प्रीसेट बाहेरून फिरवता येईल असा ठेवावा. ते जुन्या पद्धतीचं पीएनपी, म्हणजे एनपीएनच्या उलट पोलॅरिटीच्या ट्रान्झिस्टरांचं, असेल तर त्यात ग्राउंड पॉझिटिव्ह असतो. बाकीच्या पेडलांबरोबर एका अडॅप्टरवर जोडलं की सरळ शॉर्ट. त्याला बॅटरीच द्या.

कोकणात पावसाळ्यात बंद पडणाऱ्या पेडलांचं कारण पुष्कळदा जोडाभोवती राहिलेला फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून वापरतात तो राळेसारखा पदार्थ) असतो, तो दमट हवेत ओल धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन बोर्डाची खालची बाजू घासून काढा. त्याच वेळी भिंगातून बघा: ६०-४० सोल्डरचा चांगला जोड चमकदार आणि पायावर चढत गेलेला असतो, ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, मळकट आणि गोळा झालेला. शिशाविना सोल्डर वापरलं असेल तर चांगला जोडही मळकटच दिसतो, तेव्हा रंगावर जाऊ नका, आकार बघा. पट्ट्यांच्या बोर्डावर दोन पट्ट्यांमधून कटरचं टोक एकदा ओढा. केसाएवढा तांब्याचा तंतू डोळ्याला दिसत नाही, पण शॉर्ट करायला पुरतो.

आणि उघडं असताना वाजणारं पेडल झाकण लावल्यावर बंद झालं तर बोर्डाला हात लावू नका. जॅकमध्ये प्लग घातला की टिपेची पट्टी मागे वाकते आणि डब्याला किंवा पॉटच्या पाठीला टेकते. नाहीतर बोर्डाच्या खालचे पाय पॉटच्या धातूवर बसलेले असतात. प्लग आत घालून, झाकण अर्धवट ठेवून, फटीतून बघा. पॉटच्या पाठीवर जाड कागद किंवा दुहेरी टेप, जॅकच्या पट्टीवर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी प्लॅस्टिकची नळी), एवढं बहुतेक वेळा पुरतं.

सगळं वाजायला लागल्यावर ती सहा व्होल्टेज आणि त्या वेळचं बॅटरीचं व्होल्टेज एका चिठ्ठीवर लिहून झाकणाच्या आत चिकटवा. खाली दोन्ही ट्रान्झिस्टरांचे नंबर, त्यांचे एचएफई आणि प्रीसेट काढून मोजलेलं माप. पुढं ट्रान्झिस्टर उडाला तर बदली त्याच मापाचा आणायला ही चिठ्ठी लागेल.